न उडालेल्या विमानाची उत्तरपूजा

११ ऑक्टोबर १९८८, मंगळवार
फ्लॉरिडा

चि. सुनेत्रेस आजीचे आशीर्वाद.

आजी म्हणजे तुझ्या आईची आई, फ्लॉरिडात श्रीरंगमामाकडे राहते ती. ओळख दिलेली बरी, तुझ्या डोक्याचा भरवसा नाही. पार्सल पोचलं. तूरडाळ आली, पापड आले, गोडा मसाला आला, चिवडा अर्धा पीठ होऊन आला. ज्या पंचांगासाठी पार्सल करणार होतीस, ते तेवढं शिकागोत राहिलं. लहानपणी तुला गुळाला पाठवलं की मीठ घेऊन यायचीस, आणि वर माझ्याशीच भांडायचीस की आजी, तू मीठच म्हणालीस.

पंचांग नाही म्हणून तुझ्या मामीने टँपाच्या एका काकूंना फोन करून घट कधी बसतात ते विचारलं. मी खिडकीतून काळोख बघून सांगतच होते की काल अमावास्या झाली. पण मला अक्षर येत नाही, तेव्हा माझी अमावास्याही अडाणी. असो. आज घट बसवले. दसरा पुढच्या गुरुवारी.

पत्र मामी लिहिते आहे. तिचं अक्षर तुझ्यापेक्षा बारीक आहे म्हणे, म्हणजे याच कागदावर मला जास्त बोलता येईल. गुडघा तसाच. जिना उतरताना मोठ्याने बोलतो, चढताना गप्प असतो. मामाची विनीता शिकायला स्टेट कॉलेज गावी आहे, तिथून तिचा रविवारी फोन येतो. "हाय आजी, आय लव्ह यू, ममाला दे." एवढ्यात माझी पाळी संपते. पोरगी गोड आहे, पण कंजूस.

आता मुद्द्याचं. मामाचं विमान तुला आठवतं की तेही गुळाबरोबर गेलं? विसरणाऱ्याला गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते, म्हणून सांगते.

मामा सिअ‍ॅटलला ज्या कंपनीत होता, तिथे आवाजाच्या पुढे पळणारं विमान करायचं चाललं होतं. खरं करण्याआधी त्यांनी एक नमुना केला, पूर्ण मापाचा, लाकडाचा आणि पत्र्याचा. आत खुर्च्या, पुढे हे लांब नाक, खाली चाकं. मामा त्याच नमुन्यावर कामाला. एकाहत्तर साली सरकारने पैसा बंद केला आणि सगळंच थांबलं. हजारो माणसं घरी बसली, त्यात हा. विलायतेचं तसलं विमान अजून न्यूयॉर्कला येतं-जातं. रशियाचं उडालं, दमलं, आता संग्रहालयात बसलंय. आमचं न उडताच रिटायर झालं. लग्नाआधीच विधवा.

पुढे कुणा हौशी माणसाने तो नमुना फ्लॉरिडात आणला, भोवती इमारत उभी केली आणि बघायला तिकीट लावलं. मामाही बिऱ्हाड उचलून मागोमाग आला. पोरांच्या शाळेसाठी आईबाप गाव बदलतात, हा लाकडासाठी आला. थोडी वर्षं लोक आले, मग येईनासे झाले. इमारत एका चर्चने घेतली. विमान दारातून निघेना, म्हणून ते तिथेच राहिलं, आणि लोक त्याच्या पंखाखाली खुर्च्या टाकून प्रार्थनेला बसू लागले. मी पाहिलंय. ती माणसं गाणी फार चांगली म्हणतात, फक्त पंख्याचा वारा नीट लागत नाही, मध्ये विमान येतं. पास्टर भला आहे. मला ग्रँडमा म्हणतो आणि दर वेळी गुडघ्याची चौकशी करतो, जी माझ्या पोटचा मुलगा करत नाही.

मुलगा आठवडाभर लोकांचे एअरकंडिशनर दुरुस्त करतो आणि शनिवारी शिडी आणि फडकी घेऊन चर्चमध्ये जातो. धूळ पुसतो. प्लायवूडला वाळवी लागली का बघतो. चौदा वर्षांत त्याचा शनिवार चुकलेला नाही. विनीताच्या शाळेतलं एकही नाटक त्याने बघितलं नाही, कारण नाटकं शनिवारी असायची.

आता त्या चर्चमध्ये माणसं वाढली. मुलांना बसवायला जागा नाही. पास्टरने हात जोडल्यासारखं करून सांगितलं की नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत विमान हलवा. पश्चिमेकडच्या एका संग्रहालयाला त्याचं फक्त नाक हवं आहे. बाकीचं भंगारात. मामा म्हणतो, सगळं घ्या नाहीतर काही नको. कुणी सगळं घेत नाही, तर तो ते स्वतः कापणार, तुकड्यांवर नंबर टाकणार आणि आमच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली रचून ठेवणार. अंगणात माझी कढीपत्त्याची कुंडी आहे. ती कुठे जाणार, विचारलं, तर म्हणाला, बघू.

आणि नेमकी याच महिन्यात त्याला जॉर्जियातून नोकरी आली आहे, अल्फारेटाला. इंजिनियरची, सतरा वर्षांत पहिली. एक नोव्हेंबरपर्यंत हो म्हणायचं. तो नाही म्हणणार आहे. इथून गेलं तर विमानाकडे कोण बघणार. मामीने तिथल्या हॉस्पिटलात लॅबचं काम मिळवलंसुद्धा. ती म्हणते,

इथे मामी लिहायची थांबली. अगं लिही, तुझंच सांगते आहे, माझ्या पदरचं नाही.

ती म्हणते, मी जाणार. तू आलास तर बरं, नाही आलास तरी मी जाणार. मामी, म्हणजे मृणालिनी, नागपूरची आहे, तिने एकदा बॅग भरली की ती पुन्हा उघडत नाही. मग हे घर म्हणजे एक मुलगा, एक म्हातारी आणि अंगणात कापलेलं विमान.

रविवारी जेवताना त्यावरूनच झालं. मामाच्या पाकिटात ते निळं पत्र असतं, तू अकरा वर्षांची असताना कऱ्हाडहून माझ्या सांगण्यावरून लिहिलेलं. विमान बंद पडल्याचं त्याने कळवलं होतं, त्याचं उत्तर. तुझे आजोबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. त्यात आजोबांचा निरोप आहे, "हाती घेतलेलं काम टाकून येऊ नकोस." पुढे अकरा दिवसांनी ते गेले. त्यामुळे ते वाक्य मामाला गीतेसारखं.

मामी म्हणाली, "बाबा असं म्हणालेच नसतील. एस.टी. डेपोतले हेड मेकॅनिक. कुठली गाडी दुरुस्त करायची आणि कुठली भंगारात काढायची, हे त्यांना कळत नव्हतं का?"

मामा म्हणाला, "सुनेत्राने स्वतःच्या हाताने लिहिलंय. तिलाच विचारतो."

तर तो तुला फोन करेल. केला की म्हणावं, मामा, मी लहान होते, मला काही आठवत नाही. खोटं बोलायला सांगत नाही, तुझं डोकं आहेच तसं. मामी विचारते आहे, आई, असं का सांगायचं तिने? लिही म्हटलं की लिहावं, पेनने प्रश्न विचारू नयेत.

मी एक युक्ती काढली आहे. सत्तर सालच्या दसऱ्याला मीच त्याला कळवलं होतं की हाताखालच्या हत्याराला कुंकू लाव, परदेशात असलास म्हणून काय झालं. त्याने गपचूप त्या विमानाच्या पुढच्या चाकाला बोट टेकवलं. आता पूजा झालेली वस्तू तशीच भंगारात गेली तर मनाला लागतंच. गणपतीची करतो तशी तिची उत्तरपूजा करायची, अक्षता टाकायच्या, जागेवरून थोडं हलवायचं. मग ती नुसती माती. मी कुंकवाने अडकवलं, कुंकवानेच सोडवीन. दसऱ्याला जाणार आहोत. झालं की कळवते.

कागद संपला म्हणते. कागद संपला की हिचा हात दुखला, हे ओळखायला वाचता यावं लागत नाही.

अंगठा ठेवते.
तुझी आजी


२४ ऑक्टोबर १९८८, सोमवार

चि. सुनेत्रेस आशीर्वाद.

मामाने फोन केला तेव्हा तू, मी सांगितल्याप्रमाणे, "आठवत नाही" म्हणालीस. जन्मात एक गोष्ट लक्षात ठेवून केलीस, तीही उलटली. फोन ठेवून मामा म्हणाला, "तिला आठवत नाही. पण कागदावर आहे ते आहे." मला वाटलं होतं तू विसरलीस की विषय मिटेल. तू विसरलीस आणि कागद आणखी खरा झाला.

हेही पत्र मामीच लिहिते आहे. आता तिच्यापासून लपवायचं असं माझ्याकडे उरलेलं नाही, त्यामुळे बोलायला सोपं आहे. आणि नाहीही.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं चर्चमध्ये गेलो. हॉल रिकामा, खुर्च्या एकावर एक रचलेल्या. आपट्याची पानं इथे कुठली, पण आमच्या गल्लीत कांचनाचं झाड आहे, तशीच जोडपानं, त्याची मामीने तोडून घेतली. पास्टरने विचारलं, काय करणार. मामा म्हणाला, चाकाचे आभार मानायचेत. पास्टरला त्यात काही वावगं वाटलं नाही. नारळ फक्त आत फोडू नका म्हणाला, फरशी नवीन आहे. मग मला खुर्ची आणून दिली आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

ते विमान मी लांबून पुष्कळदा पाहिलं होतं. जवळून पहिल्यांदाच. पंखाखाली उभं राहिलं की मांडवाखाली उभं राहिल्यासारखं वाटतं, फक्त लग्न कुणाचं ते कळत नाही. मामाने बॅटरीचा झोत पाडून चाकाच्या वरची जागा दाखवली. सत्तर सालचं कुंकू तिथे आहे गं. तपकिरी झालंय, पण आहे. चौदा वर्षं हा चारी बाजूंनी धूळ पुसत आला आणि ती बोटभर जागा सोडत आला.

हळदकुंकू वाहिलं. पानं ठेवली. अक्षता टाकल्या. मंत्र मला येतात ते ऐकून ऐकून आलेले, ते म्हटले. मग जागेवरून हलवायचं म्हणून दोन्ही हात चाकाला लावून ढकललं. ते कशाला हलतंय. मामी हसली, मीही हसले.

मामा हसला नाही. म्हणाला, "आई, झाली पूजा. मन दुखवायचं नाही म्हणून आलो. पण मी हे सोडणार नाही. बाबांनी सांगितलंय." आणि पाकिटातून ते निळं पत्र काढून त्याने वाचायला सुरुवात केली. घड्यांवर फाटलंय, मागून सेलोटेप लावलाय. तुझं ते अकरा वर्षांचं बोलणं, "मामा, आजोबा म्हणतात की", त्या रिकाम्या हॉलात ऐकलं, आणि माझ्याच्याने राहवेना.

मी म्हटलं, "श्रीरंगा, ते बाबा म्हणाले नाहीत. ते मी म्हणाले."

आता तुला सांगते. त्याला सांगितलं तसंच.

अर्धांगाचा झटका आल्यापासून यांचं बोलणं कुणाला कळायचं नाही, माझ्याशिवाय. तुझी आईसुद्धा मला विचारायची, बाबा काय म्हणतात गं. तू मामाचं पत्र खाटेपाशी बसून मोठ्याने वाचलंस, की विमानाचं काम बंद, मला कमी केलं, काय करू ते बाबांना विचारून कळवा. हे डोळे मिटून पडले होते. मग म्हणाले, "म्हणावं, ये घरी. इंजिन उघडं राहिलं तर राहू दे. शेंगोळी करायला सांगतो तुझ्या आईला." एवढंच. दोनदा म्हणाले. डेपोत अर्ध्यावर काम टाकून जेवायला न उठणारा माणूस, तो म्हणाला उघडं राहू दे.

त्याच आठवड्यात आपल्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं होतं. मी आराशीत काय मांडलं होतं, आठवतं? करंज्यांचा डोंगर आणि कलिंगडाच्या कमळाच्या मधोमध त्या विमानाचा फोटो, चौकटीत घालून, वर मोगऱ्याचा गजरा. साठ बायका डाळ-पन्हं खाऊन तो फोटो बघून गेल्या. माझा मुलगा आवाजाच्या पुढे जाणारं विमान करतो, असं मी प्रत्येकीला ओटी भरता भरता सांगितलं. आणि आठ दिवसांत तोच मुलगा पेटी घेऊन दारात. मला लाज वाटली. दुसरं कारण नाही. मी पुष्कळ वर्षं दुसरी कारणं शोधली, की त्याचंच भलं व्हावं, काम पुन्हा सुरू होईल, बाईमाणसाने हिंमत द्यावी. तसलं काही नव्हतं. लाज वाटली.

म्हणून मी तुला यांच्या नावाने ते वाक्य सांगितलं. तू पेन उचलून माझ्याकडे बघितलंस. "ये" आणि "घरी" एवढं तुलाही कळलं असणार, ते बोबडं नव्हतं. मी तुला म्हटलं, लिही म्हटलं की लिहावं. मागच्या पत्रात मामीला हेच म्हटलं, तेव्हा माझी मलाच जीभ टोचली.

अकरा दिवस हे दाराकडे तोंड करून पडून राहिले. कुणाची चाहूल लागली की विचारायचे, आला? मी म्हणायचे, विमानाने यायचं म्हणजे वेळ लागतो. मग तार करावी लागली, आणि ती तार पोचून हा निघेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

हे सगळं त्या चाकापाशी बसून सांगितलं. मामी उभी होती, ती खाली बसली. पास्टर दाराशीच होता, त्याला भाषा कळत नव्हती, पण त्याने हॅट काढून हातात धरली.

मामाने एकच विचारलं. "बाबा शेंगोळी म्हणाले?"

"म्हणाले."

शिडी लावून तो वर विमानात गेला. तिथल्या खुर्च्यांपैकी एका खुर्चीत बसल्याचा आवाज आला. आम्ही दोघी खाली. पाऊण तासाने तो उतरला. ते निळं पत्र घडी करून माझ्या हातात दिलं. "हे तुझं आहे. ठेव."

मला वाचता येत नाही, हे त्याला ठाऊक आहे. कमरेला पिशवीत आहे माझ्या. जड लागतं.

त्या दिवसापासून तो माझ्याशी बोललेला नाही. उद्धट वागत नाही. सकाळचा चहा समोर ठेवतो, गुडघ्याची गोळी चहाच्या बशीत ठेवतो. शुक्रवारी त्याने संग्रहालयाला फोन करून सांगितलं की नाक घेऊन जा, मी पेटी करून देतो. शनिवारी चर्चमध्ये गेला तेव्हा फडकी घरीच होती, करवत नेली होती. मी म्हटलं, मीही येऊ का. ऐकू न आल्यासारखं करून गाडी काढली. संध्याकाळी आला तेव्हा हातांना भुसा होता, आणि नखात थोडं लाल. ते कुंकू की रक्त, ते मी विचारलं नाही.

अल्फारेटाला हो कळवलेलं नाही अजून. कागद टेबलावर आहे, त्यावर पेन ठेवलंय. आठ दिवस राहिलेत.

मामी म्हणते एक गोष्ट लिहू का. लिही. ती म्हणते, काल त्याने तिला विचारलं की तिथल्या घरात खाली एक खोली असेल का, जिना नसलेली. हे तिने मला आत्ता लिहिता लिहिता सांगितलं. दिवसभर पोटात ठेवून होती, सासूचीच सून. म्हणजे म्हातारीला बरोबर नेणार आहे. बोलणार की नाही, हे त्यात आलं नाही. मी त्याचा अर्थ जास्तीचा काढणार नाही. दुसऱ्याच्या बोलण्यात आपलं घालायची खोड फार महागात पडते.

सुनेत्रे, तुला आता आठवलं तरी चालेल. आठवत असेल तर मामाला फोन कर आणि तुला काय ऐकू आलं होतं ते सांग. माझी बाजू घेऊ नकोस. लहान होतीस, तुझ्याकडे दोष नाही, तोही तुला लावणार नाही. आणि खरंच आठवत नसेल, तर तेही सांग. फक्त या वेळी माझ्या सांगण्यावरून नको.

अंगठा खाली आहे. शाई पसरली आहे.

तुझी आजी

ता. क. तुमच्या शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवर हुलगे मिळतील. दुकानदाराला हुलगे कळले नाहीत तर कुळीथ म्हण. दोन पाउंड, अख्खे, पीठ नको. दुकानातल्या पिठाला वास येतो, मी इथे भाजून दळून घेईन. लसूण घरात आहे, तिखट आहे. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी या घरात मी कधीच केली नाहीत, मामीला ती माहीतसुद्धा नाहीत. करून ताटात वाढून ठेवीन, यांनी सांगितलं होतं म्हणून. जेवला तर जेवला. हुलगेच पाठव, मसूर नको, आणि चिवड्यासारखं मागे-पुढे करू नकोस. उद्याच पाठव.